टॅब हाच घरातला एकमेव संगणक: निवडीपासून जुन्या डिस्कपर्यंत

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमच्या इंदूरच्या घरात दहा वर्षे नीट चाललेला संगणक, त्याचे काहीही न बिघडता, कालबाह्य ठरला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. आमचा सहाव्या पिढीचा होता. नवा लॅपटॉप घ्यायचा की घरात आधीच असलेल्या टॅबवरच सगळे काम आणायचे, असा प्रश्न होता. मी अनुवादाचे काम करते आणि एका मराठी मंडळाची कार्यवाह म्हणून सभासदांची यादी, सभांची इतिवृत्ते, पावत्या आणि वार्षिक स्मरणिकेचा मजकूर सांभाळते. नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळे टॅबवर चालते. ते कसे बसवले आणि कुठे अडले, ते येथे क्रमाने लिहिले आहे.

टॅबचा वेग किंवा पडद्याची चमक यांवर या प्रयोगाचे यश फारसे ठरत नाही, हे आरंभीच सांगते. आजच्या मध्यम किमतीच्या टॅबलाही घरचे काम जड जात नाही. काम टॅबमध्ये शिरताना किंवा टॅबच्या बाहेर पडताना मात्र अडते: मराठी टाइप करताना, फाईल दुसऱ्याला देताना, प्रिंट काढताना, सही करताना. म्हणून पुढच्या बहुतेक पायऱ्या या चार ठिकाणांबद्दल आहेत.

पहिली पायरी: तीन आठवड्यांची वही

काहीही विकत घेण्यापूर्वी तीन आठवडे एक वही संगणकाजवळ ठेवावी आणि संगणक ज्या ज्या कामासाठी सुरू केला ते प्रत्येक काम त्याच दिवशी लिहावे. आठवून यादी केली तर नेमकी अडचणीची कामे सुटतात, कारण ती वर्षातून एकदोनदाच येतात. त्यासाठी मागच्या वर्षाचे डाउनलोडचे फोल्डरही एकदा चाळावे. नंतर यादीतल्या कामांचे तीन ढीग करावेत. पहिल्यात टॅबवर आजच होणारी कामे, दुसऱ्यात होतील पण रीत बदलावी लागेल अशी, आणि तिसऱ्यात टॅबवर होणारच नाहीत अशी.

तिसऱ्या ढिगात काय जाते ते ठरवणे अवघड नाही. टॅली हा हिशेबाचा, विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम आहे. पाने लावण्याचे पेजमेकर आणि इनडिझाइन हे प्रोग्रॅम टॅबवर चालत नाहीत. एक्सेलच्या फाईलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतील तर ती फाईल टॅबच्या एक्सेलमध्ये उघडते, पण मॅक्रो चालत नाहीत. वर्डमधला मेल मर्ज, म्हणजे एकाच पत्रावर शंभर जणांची नावे आपोआप घालण्याची सोय, टॅबच्या वर्डमध्ये नाही. डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे सहीचे प्रमाणपत्र साठवलेले पेन ड्राइव्हसारखे छोटे यंत्र, प्रामुख्याने विंडोजच्या ड्रायव्हरवर चालतो.

या ढिगातले एखादे काम रोजचे असेल तर टॅबचा विचार सोडावा आणि हा लेख पुढे वाचण्याचेही कष्ट घेऊ नयेत. महिन्यातून एकदा येणारे असेल तर त्यासाठी भावाचा, शेजाऱ्याचा किंवा दुकानातला संगणक ठरवून ठेवता येतो. माझ्या वहीत अशी चार कामे निघाली आणि त्यांतले एकही आठवड्याला येणारे नव्हते, म्हणून मी पुढे गेले.

दुसरी पायरी: टॅब निवडणे

घरात टॅब नसेल तर पडदा अकरा इंचांच्या आसपासचा घ्यावा. आठ-नऊ इंचांच्या टॅबवर वाचन छान होते, पण एका बाजूला मूळ मजकूर आणि दुसऱ्या बाजूला आपले लेखन असे दोन भाग केले की अक्षरे मुंग्यांएवढी होतात. साठवण १२८ जीबीपेक्षा कमी नसावी, कारण काही जागा यंत्रणाच खाते आणि उरलेली व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ खातात. अँड्रॉइडचा टॅब असेल तर रॅम ८ जीबी असावी. ४ जीबीच्या टॅबवर ब्राउझरमध्ये अर्ज भरता भरता फाईल शोधायला दुसरीकडे गेले की परत येईपर्यंत पान पुन्हा पहिल्यापासून उघडते आणि भरलेला मजकूर जातो.

टॅबला बहुधा एकच यूएसबी-सी पोर्ट असतो आणि तो काय काय करू शकतो हे डब्यावर ठळक लिहिलेले नसते. काही स्वस्त टॅबमध्ये त्या पोर्टमधून फक्त चार्जिंग आणि पेन ड्राइव्ह एवढेच चालते. टीव्हीला किंवा मॉनिटरला चित्र जात नाही, मग केबल कितीही महाग घ्या. यूएसबी-सी असलेल्या आयपॅडमधून चित्र बाहेर जाते, पण साध्या आयपॅडवर जे दिसते तेच मोठ्या पडद्यावर दिसते; दुसरा पडदा म्हणून वेगळ्या खिडक्या ठेवण्यासाठी एम मालिकेची चिप असलेला आयपॅड लागतो. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेतल्या बहुतेक टॅबमध्ये डेक्स नावाची सोय आहे, तीत संगणकासारख्या खिडक्या उघडतात. आयपॅडवरही आयपॅडओएस २६ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून, खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करता येतात आणि वर मेनूची पट्टी येते. ही सोय उपयोगाची आहे, परंतु अकरा इंचांत दोनपेक्षा जास्त खिडक्या मी तरी कधी उघडल्या नाहीत.

सिम घालता येणारा टॅब घ्यावा की नुसता वाय-फायचा, याचे उत्तर फोनवर अवलंबून आहे. ओटीपी फोनवर येतो आणि नेट हवे तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करता येतो, म्हणून मी वाय-फायचाच वापरते. यूपीआयची ॲप नोंदणीच्या वेळी सिमची खातरजमा करतात, त्यामुळे ती फोनवरच राहतात. बँकेचे बाकी काम टॅबच्या ब्राउझरमधून नेट बँकिंगने होते.

तिसरी पायरी: कीबोर्ड, स्टँड आणि हब

टॅबच्या कव्हरलाच जोडलेला कीबोर्ड प्रवासाला सोयीचा आहे, परंतु घरात रोज चार तास लिहायचे असेल तर तो मानेचा शत्रू आहे, कारण पडदा टेबलाच्या पातळीवर राहतो आणि आपण दिवसभर खाली वाकून बसतो. स्टँड वेगळा घ्यावा, त्यावर टॅब डोळ्यांच्या पातळीजवळ येईल असा ठेवावा, आणि कीबोर्ड व माउस ब्लूटूथचे वेगळे ठेवावेत. आयपॅडला मार्च २०२० पासून माउस नीट चालतो. अँड्रॉइडला तो पूर्वीपासून चालतो. सोबत एक हब, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी छोटी पेटी, घ्यावा, ज्यातून टॅब चार्जही होईल आणि त्याच वेळी पेन ड्राइव्हही लागेल. दुकानदाराला "यातून चार्जिंग सुरू राहील ना?" एवढे विचारून, तेथेच लावून बघावे.

आपल्याकडे इंदूरला जेल रोडच्या बाजारात कव्हर, केबल आणि स्टँड मुबलक मिळतात, आणि आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाची दुकाने आहेत. दोन्हीकडे जाताना आपला टॅब बरोबर न्यावा. मी पहिल्या वेळी तो घरी ठेवून गेले आणि आणलेला हब टॅबच्या कव्हरच्या जाडीमुळे पोर्टमध्ये पूर्ण बसेना. दुसऱ्या फेरीत छोटी वायर असलेला आणला.

कीबोर्ड आल्यावर त्याचे शॉर्टकट पाठ करण्यात वेळ घालवू नये. आयपॅडवर कमांडची कळ दाबून धरली की उघड्या ॲपमधल्या सगळ्या शॉर्टकटची यादी समोर येते, आणि अँड्रॉइडवर सर्चची किंवा विंडोजचे चिन्ह असलेली कळ तिरप्या रेघेच्या कळेबरोबर दाबली की तशीच यादी येते.

चौथी पायरी: मराठी टायपिंग

या पायरीला पूर्ण आठवडा द्यावा.

फोनवर आपण बहुतेक जण जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी शब्द निवडतो. तीच सवय टॅबवर चालेल असे वाटते आणि पडद्यावरच्या कीबोर्डवर ती चालतेही. पण बाहेरचा कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा कीबोर्ड नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर शब्द सुचवणारी ती पट्टीही जाऊ शकते. शिवाय सगळ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये बाहेरच्या कीबोर्डसाठी देवनागरीची मांडणी दिलेली नसते. नसेल तर ती पुरवणारे ॲप प्ले स्टोअरवरून घ्यावे लागते. म्हणून टॅब विकत घेताना दुकानातच एक ब्लूटूथ कीबोर्ड जोडून "वाऱ्यावरचे ज्ञानेश्वर ऑफिसला गेले" असे एखादे वाक्य लिहून बघावे. त्यात ऱ्य, ज्ञ, श्व आणि ऑ एकदम तपासून होतात.

माझा सल्ला असा की, ज्याला रोज पान-दोन पाने लिहायची आहेत त्याने इनस्क्रिप्ट शिकावे. हा भारत सरकारने प्रमाणित केलेला कीबोर्डचा आराखडा आहे आणि विंडोज, आयपॅड, अँड्रॉइड, सगळीकडे तोच राहतो, त्यामुळे यंत्र बदलले तरी हात बदलावा लागत नाही. तो वाटतो तितका अवघड नाही, कारण त्याची रचना आपल्या वर्णमालेवरच बेतलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आहेत, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. एकाच कळेवर नुसता क आणि शिफ्टसह ख, नुसता ग आणि शिफ्टसह घ, असे जोड आहेत. नुसती मात्रा हवी तर कळ तशीच दाबायची, पूर्ण स्वर हवा तर शिफ्टसह. ल च्या कळेवर शिफ्टसह ळ येतो, हे लक्षात ठेवायला सोपे आहे. हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, इंग्रजी डी च्या कळेवर आहे, आणि जोडाक्षर म्हणजे पहिले व्यंजन, हलंत, दुसरे व्यंजन, एवढेच.

मराठीला विशेष लागणारा ऱ्य कसा काढायचा हे मात्र कोणी सांगत नाही. र ची कळ इंग्रजी जे वर आहे. ती शिफ्टसह दाबली की नुक्तेवाला ऱ येतो, त्यानंतर हलंत आणि मग य दिला की "सुऱ्या", "दऱ्या", "वाऱ्यावर" हे शब्द बरोबर उमटतात. साध्या र ला हलंत देऊन य लावला तर रफार होऊन "सुर्या" होते, आणि आपल्या हिंदीबहुल शहरातल्या छपाईत हीच चूक सर्वांत जास्त दिसते.

मी रोज सकाळी वीस मिनिटे जुन्या इतिवृत्तांतला एक परिच्छेद टाइप करत गेले. पहिले चार दिवस चिडचिडीत गेले, दहाव्या दिवशी कीबोर्डकडे न बघता पहिले वाक्य पूर्ण झाले. ज्यांनी हिंदी टायपिंग रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या, मांडणीवर शिकले आहे, आणि मध्य प्रदेशात अशी माणसे घरोघरी आहेत, त्यांचा हात मात्र लवकर वळत नाही. त्यांनी रेमिंग्टनची मांडणी देणारे ॲप शोधावे आणि उगाच तप करू नये.

लांब मजकुराचा पहिला खर्डा बोलून काढायचा असेल तर जीबोर्डचे मराठी व्हॉइस टायपिंग बरेच चांगले आहे. विरामचिन्हे मागाहून हाताने घालावी लागतात, आणि आपल्या इंदुरी बोलण्यात मधूनच हिंदी शब्द आला की ते बिचकते.

पाचवी पायरी: कृतिदेवमधल्या जुन्या फाईली

इंदूरच्या कोणत्याही संस्थेचे जुने दप्तर उघडले की कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधल्या फाईली निघतातच. या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे दाखवली जातात. फॉन्ट नसलेल्या टॅबवर ती फाईल उघडली की चित्रे जातात आणि मूळ इंग्रजी अक्षरे उघडी पडतात; कृतिदेवमधला "भारत" हा शब्द एच, के, के, जे, आर अशा पाच अक्षरांचा दिसतो. फाईल खराब झाली असे समजून ती पुसू नये.

आयपॅडवर बाहेरचे फॉन्ट घालता येतात, अँड्रॉइडवर ते सर्व ॲपसाठी सहज घालता येत नाहीत. पण हा मार्गच मी चुकीचा मानते. मजकूर एकदाच युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना समजणाऱ्या देवनागरीत, आणावा आणि या कटकटीतून कायमचे सुटावे. ब्राउझरमध्ये चालणारी कृतिदेव ते युनिकोड अशी मोफत रूपांतरणाची पाने आहेत, ती टॅबवरही चालतात. मजकूर थोडा थोडा, साधारण दोन पानांच्या तुकड्यांत, चिकटवावा. सभासदांचे पत्ते, फोन क्रमांक किंवा हिशेब असलेल्या फाईली मात्र अनोळखी पानावर चिकटवू नयेत. त्या पुन्हा टाइप कराव्यात किंवा रूपांतर संगणकावरच्या प्रोग्रॅमने करून घ्यावे.

रूपांतरानंतर चुका कुठे शोधायच्या हे त्या फॉन्टच्या स्वभावावरून कळते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो, जसा तो कागदावर दिसतो. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनाच्या नंतर आणि रफाराचा र आधी साठवला जातो. रूपांतर करणारे पान ही अदलाबदल करते, पण जोडाक्षर आले की काही वेळा चुकते. म्हणून "स्थिती", "व्यक्ती", "वर्षी", "कार्यकर्ते" अशा शब्दांवर नजर ठेवावी. ही पाने मुख्यतः हिंदीसाठी बनवलेली असल्यामुळे ऱ्य चा र्य झालेला असतो. तो शोधून एकेक बदलावा, सगळे एकदम बदलू नयेत, नाहीतर "कार्य" आणि "सूर्य" हेही बिघडतील. मंडळाच्या अकरा वर्षांच्या इतिवृत्तांना मला असे सहा रविवार लागले.

छापायच्या मजकुराला शेवटी "तिरो देवनागरी मराठी" सारखा मराठी वळणाचा फॉन्ट द्यावा. तो गूगलच्या मोफत फॉन्टसंग्रहात आहे आणि त्यात ल व श मराठी वळणाचे येतात.

सहावी पायरी: फाईल कुठे राहणार ते आधी ठरवणे

संगणकावर फाईल कुठे आहे हे आपल्याला डोळ्यांना दिसत असते. टॅबवर प्रत्येक ॲप आपली फाईल आपल्याच पोटात ठेवू पाहते, आणि महिन्याभरात एकाच इतिवृत्ताच्या चार प्रती चार ठिकाणी होतात. यावर एकच उपाय आहे: फाईलचे एक घर ठरवावे आणि बाकी सर्व ठिकाणे धर्मशाळा समजावीत. माझे घर गूगल ड्राइव्हमधले एक फोल्डर आहे. तेथे मोफत १५ जीबी मिळतात, पण त्यातच जीमेल आणि फोटोही मोजले जातात, हे विसरू नये. आयक्लाउड आणि वनड्राइव्हवर मोफत जागा ५ जीबी आहे.

फाईलच्या नावाची सुरुवात वर्ष आणि महिन्याने करावी, उदाहरणार्थ "२०२६-०१ कार्यकारिणी इतिवृत्त". मग यादी आपोआप कालक्रमाने लागते. नेट नसताना लागणाऱ्या फाईलींवर "ऑफलाइन उपलब्ध" ही खूण आधीच करून ठेवावी. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत्येक कामाची फाईल त्याच दिवशी घरी न्यावी. व्हॉट्सॲप फोनवर ठेवून टॅब त्याला जोडलेले यंत्र म्हणून वापरता येतो, असे चार यंत्रांपर्यंत जोडता येतात. फोन १४ दिवसांपेक्षा जास्त काळ वापरला नाही तर मात्र जोड तुटते.

ड्राइव्हवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे समजू नये. चुकून पुसलेली फाईल ड्राइव्हवरूनही पुसली जाते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हबमधून एक पेन ड्राइव्ह लावते आणि ते फोल्डर त्यावर उतरवते. पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, आणि विंडोजची एनटीएफएस पद्धत टॅबवर वाचता येईलच किंवा तीवर लिहिता येईलच असे नाही.

सातवी पायरी: वर्ड, एक्सेल आणि त्यांची एक मेख

मायक्रोसॉफ्टची वर्ड आणि एक्सेल ही ॲप टॅबवर मोफत मिळतात, पण मोफत संपादन १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावरच करता येते. त्याहून मोठ्या पडद्यावर फाईल नुसती वाचता येते आणि बदल करण्यासाठी वर्गणी भरावी लागते. मोठा टॅब घेण्याचा सल्ला मी वर दिला आहे, तेव्हा ही मेख त्याच्याबरोबर येते. गूगल डॉक्स आणि शीट्समध्ये वर्ड-एक्सेलच्या फाईली त्याच स्वरूपात उघडून बदलता येतात, आणि साध्या पत्राला, इतिवृत्ताला, जमाखर्चाला ते पुरते. गुंतागुंतीची कोष्टके असलेली फाईल मात्र परत पाठवण्यापूर्वी पीडीएफ करून एकदा बघावी, कारण ओळी सरकतात. स्मरणिकेची पाने मी लावत नाही. युनिकोडमधला शुद्ध मजकूर छापखान्याला देते आणि पाने ते लावतात. पत्त्यांच्या चिठ्ठ्यांसाठी सभासदांची यादी शीटमधून काढून वर्षातून दोनदा भावाच्या संगणकावर मेल मर्ज करते.

आठवी पायरी: अर्ज, ओटीपी आणि सही

सरकारी संकेतस्थळ उघडताना अँड्रॉइडच्या क्रोममध्ये "डेस्कटॉप साइट" ही खूण करावी. आयपॅडची सफारी बहुधा मोठ्या पडद्याचेच पान मागवते. पावती न उघडणे ही तक्रार बहुतेक वेळा पॉप-अप बंद असल्यामुळे येते, म्हणून त्या संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी. पावती उघडली की ती लगेच पीडीएफ करून घरच्या फोल्डरमध्ये ठेवावी, मग पान बंद करावे.

फोटोचा आकार ही दुसरी अडचण. बँकांच्या परीक्षांच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी एवढीच लागते, आणि टॅबचा कॅमेरा काही एमबींचा फोटो काढतो. फोटोचा आकार कमी करणारे एक ॲप आधीच ठेवून, वापरून बघितलेले असावे. शेवटच्या तारखेच्या रात्री शोधायला लागू नये. आयपॅडचा कॅमेरा फोटो एचईआयसी स्वरूपात ठेवतो आणि अर्ज जेपीजी मागतो, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "मोस्ट कॉम्पॅटिबल" हा पर्याय निवडून ठेवावा. कागद स्कॅन करायला वेगळे यंत्र लागत नाही. गूगल ड्राइव्हमध्ये किंवा आयपॅडच्या नोट्समध्ये स्कॅनची सोय आहे. खिडकीच्या उजेडात, कागदावर आपली सावली न पाडता केलेले स्कॅन दुकानातल्याइतकेच चांगले येते.

पीडीएफवर बोटाने किंवा पेनने काढलेली सही आणि डिजिटल सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत बरेच जण करतात. ज्यांच्या हिशेबांना ऑडिट लागत नाही अशा व्यक्तींचे आयकर विवरणपत्र आधारच्या ओटीपीने पडताळता येते, डोंगल लागत नाही. ही पडताळणी विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत करावी. जीएसटीत एकट्याच्या मालकीच्या धंद्याला ओटीपीवर चालणारी ईव्हीसी ही पडताळणी पुरते, पण कंपनी आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांना डिजिटल सही सक्तीची आहे. तसे काम असेल तर ते सनदी लेखापालाच्या कार्यालयातच होऊ द्यावे.

नववी पायरी: प्रिंट

जुना प्रिंटर फक्त यूएसबी केबलवर चालणारा असेल, आणि आपल्या घरांतले पुष्कळसे जुने लेझर प्रिंटर तसेच आहेत, तर तो टॅबला बहुधा लागणार नाही. आयपॅडला एअरप्रिंट ही ॲपलची बिनतारी छपाईची सोय असलेला प्रिंटर लागतो. अँड्रॉइडला वाय-फायचा प्रिंटर आणि त्याच्या कंपनीची किंवा अनेक कंपन्यांच्या प्रिंटरला चालणारी मोप्रियाची प्रिंट सेवा लागते. महिन्याला वीस पानांसाठी नवा प्रिंटर घेणे मला पटले नाही. भंवरकुआंच्या बाजूला विद्यार्थ्यांमुळे झेरॉक्सची दुकाने रात्री उशिरापर्यंत चालतात. तेथे पीडीएफ नेते. वर्डची फाईल कधीही नेऊ नये, कारण दुकानातल्या संगणकावर आपला फॉन्ट नसतो आणि सगळे इतिवृत्त भलत्याच अक्षरांत छापून येते. आधारसारखी कागदपत्रे दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवण्यापेक्षा पेन ड्राइव्हवर न्यावीत आणि दुकानदाराने उतरवून घेतलेली प्रत समोर पुसायला लावावी.

उन्हाळा आणि वीज

ॲपलच्या सूचनेप्रमाणे आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसपर्यंत जातो. दुपारी गच्चीखालच्या खोलीत चार्जिंग सुरू ठेवून काम केले की टॅब तापतो, पडदा मंद होतो आणि चार्जिंग थांबते. ते बिघडलेपण नव्हे. जाड कव्हर काढावे, चार्जर काढावा, पंख्याखाली दहा मिनिटे ठेवावा. वीज गेली तर टॅब चालूच राहतो, बंद पडतो तो राउटर. त्याला छोटा यूपीएस लावावा किंवा फोनचा हॉटस्पॉट घ्यावा.

शेवटची पायरी: जुना संगणक

टॅबवर काम सुरू केल्यावर जुना संगणक लगेच काढून टाकू नये. दोन महिने त्याची नेटची जोडणी काढून तो झाकून ठेवावा आणि त्या काळात तो किती वेळा उघडावा लागला ते त्याच वहीत लिहावे. माझ्या बाबतीत तो तीन वेळा उघडला: एकदा श्री-लिपीतली एक घटना-दुरुस्ती वाचायला, एकदा ब्राउझरमध्ये साठवलेला एक पासवर्ड शोधायला, आणि एकदा स्कॅनरमधून मंडळाचे जुने फोटो घ्यायला. तिन्ही कामे संपवली, सगळे फोल्डर एक्सफॅटच्या बाहेरच्या डिस्कवर उतरवले, त्या डिस्कमधल्या पाच-दहा फाईली टॅबवर प्रत्यक्ष उघडून बघितल्या, आणि मगच जुनी डिस्क काढली. ती कॅबिनेटबरोबर कोणालाही देऊ नये, कारण फॉरमॅट केलेल्या डिस्कवरूनही फाईली परत काढता येतात. माझी कपाटात आहे. साध्या मोठ्या डिस्कला टॅबची वीज पुरत नाही, म्हणून तिच्यासाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला डबा घेतला आहे. कॅबिनेट आणि मॉनिटर ई-कचरा घेणाऱ्याकडे गेले, आणि वहीतल्या तिसऱ्या ढिगात आता मेल मर्ज आणि डोंगलची वर्षाकाठची एक सही एवढीच दोन कामे उरली आहेत.